माऊली म्हणणारी बदकं: ओंटारिओच्या काठावर चार दिवस

"मी फेब्रुवारीत येते," असं लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही. मग म्हणाली, "आई, फेब्रुवारीत इथली माणसं फ्लोरिडाला पळतात. तू मे महिन्यात ये की." मे महिन्यात माझं लोणच्याचं काम असतं, हे तिला सांगितलेलं कारण. खरं कारण बदकं होती.

बारामतीच्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी, ओंटारिओ ही उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांची नावं किती पिढ्यांकडून घोकून घेतली असतील, हिशेब नाही. पाहिलं मात्र एकही नव्हतं. आणि थंडीतले रविवार गेले भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या नावेत बसून. आमच्याकडे हिवाळ्यात कोण पाहुणे येतात ते मला पाठ आहे. चक्रवाक येतात, थापट्या येतो, तलवार बदक येतं, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. ते सगळे थंडीला कंटाळून उबेला येतात, असं मी वर्गात सांगायची. मग जिथं तळंच गोठतं, तिथं हिवाळ्यात कोण कशाला येत असेल? हे कोडं बरीच वर्षं डोक्यात होतं.

लेक कॅनडात मिसिसागाला राहते, टोरांटोच्या शेजारी. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजतात, त्याला ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट म्हणतात. १९९८ साली अमेरिकेत सुरू झाला, २०१३ पासून सगळ्या जगाचा झाला, आपल्याकडेही लोक मोजतात. त्यातला शेवटचा दिवस, सोमवार, ओंटारिओ प्रांतात 'फॅमिली डे'ची सुट्टी असतो. म्हणजे लेक, जावई, नात असे तिघंही सापडणार. बेत ठरला.

शुक्रवार

पहिल्या दिवशी घराबाहेर पडलेच नाही. सकाळी उणे १४ होतं आणि वाऱ्यामुळे उणे २३ वाटतंय असं नात मोबाइल बघून सांगत होती. "वाटतंय म्हणजे कुणाला वाटतंय?" मी विचारलं. तिनं खांदे उडवले आणि शाळेत गेली.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा घेऊन बसले. मागच्या अंगणात जावयांनी सूर्यफुलाच्या बियांचं भांडं टांगलंय. किमान पंधरा मिनिटं मोजायचं, एवढाच नियम. पहिला आला तो कार्डिनल. पांढऱ्याशुभ्र बर्फावर तो लाल रंग असा दिसतो, की हळदीकुंकवाच्या ताटातून कुणी चिमूट सांडली असावी. मग राखाडी जंको खाली सांडलेल्या बिया टिपायला आले. आणि चिकाडी. काळी टोपी, पांढरे गाल, वजन बारा ग्रॅमच्या आसपास. एक बी घेऊन उडते, कुठंतरी सालीखाली खुपसून ठेवते, परत येते. अशा शेकडो जागा तिच्या लक्षात राहतात. रात्री शरीराचं तापमान आठ-दहा अंशांनी खाली आणते, म्हणजे जळण कमी लागतं. मी दोन स्वेटर घालून, हीटरला पाठ लावून तिच्याकडे बघत होते. जरा लाजच वाटली.

शनिवार

आज खरं तळं. कर्नल सॅम्युएल स्मिथ पार्क, टोरांटोच्या पश्चिम टोकाला, किपलिंग रस्ता जिथं संपतो तिथं. इथले लोक नुसतं 'कर्नल सॅम' म्हणतात. गाडी लावली तिथं समोर लाल विटांच्या जुन्या देखण्या इमारती. लेक म्हणाली, आता कॉलेज आहे, पूर्वी मनोरुग्णालय होतं, १९७९ साली बंद झालं. झाडं मोठी, मधे मोकळं मैदान, त्याच्यापुढे पाणी. आजार कुठलाही असो, जागा निवडणाऱ्याला कळत होतं.

मला सजवण्यात पाऊण तास गेला होता. आतून थर्मल, वर लोकर, वर स्नो पँट, वर लेकीचा जाड कोट, बुटांना खालून लोखंडी दात्यांची जाळी, हातमोज्यात गरम होणाऱ्या पुड्या. खिशात डिंकाचा लाडू. नात म्हणाली, "आजी, यू लुक लाइक अ पेंग्विन." म्हटलं, पक्षी तर झाले.

आणि एवढं करून पहिली दहा मिनिटं काही दिसलं नाही. दुर्बीण डोळ्याला लावली की माझ्याच श्वासाची वाफ काचेवर बसायची आणि तिथंच गोठायची. मफलरमधून श्वास वर येतो, चष्म्यावरून थेट काचेवर. शेवटी नातीनं तोडगा काढला. "श्वास रोख, बघ, दुर्बीण खाली कर, मग सोड." म्हणजे प्राणायाम आणि पक्षिनिरीक्षण एकत्र. जाड हातमोज्यात दुर्बिणीचं चाक फिरत नाही आणि हातमोजा काढला तर बोटं राहत नाहीत. हे पुढचे दोन दिवसही चालूच होतं, पुन्हा सांगत नाही.

उद्यानात दोन पाणी आहेत. एक आतलं, जिथं उन्हाळ्यात शिडाच्या होड्या असतात. ते पूर्ण गोठलेलं, पांढरं, वर कोल्ह्याकुत्र्याच्या पावलांची रांग. तिथं एक पाखरू नव्हतं. दुसरं बाहेरचं, मोठ्या सरोवराचं. बंधाऱ्याच्या दगडांवर उडालेलं पाणी जागच्या जागी थिजून मेणबत्तीच्या ओघळांसारखं लोंबत होतं. काठाजवळ बर्फाच्या गोल चकत्या, कडा उचललेल्या, उत्तप्प्यासारख्या, लाटेवर वरखाली होत एकमेकींवर घासत होत्या. त्याचा आवाज काकणांसारखा येतो. आणि त्या चकत्यांच्या पलीकडे काळंनिळं मोकळं पाणी, जिथवर नजर जाईल तिथवर.

इथं माझा भूगोल कामाला आला. ईरी सरोवर उथळ, सरासरी खोली जेमतेम १९ मीटर, म्हणून ते जवळजवळ सगळं गोठू शकतं. ओंटारिओ आकाराने त्याच्याहून लहान, पण सरासरी ८६ मीटर खोल आणि सगळ्यात खोल जागी २४४ मीटर. एवढं पाणी उन्हाळ्यात जी ऊब साठवतं ती हिवाळाभर पुरवून वापरतं. आखातं, गोद्या गोठतात, मधलं पाणी सहसा गोठत नाही. हे मी जावयांना समजावून सांगत होते तेव्हा ते फार आदरानं माना डोलवत होते आणि मनातून स्केटिंगच्या रस्त्याकडे बघत होते. या उद्यानात झाडांमधून इंग्रजी आठच्या आकाराची बर्फाची वाट केलीय, तिथं लोक घसरत असतात. "जा तुम्ही," म्हटलं. गेले बिचारे.

आणि मग आवाज आला.

वारा पडला होता. पाण्यावरून, लांबून, अनुनासिक, लयीत, एकानंतर एक. आ-आ-आऊली. आ-आ-आऊली. दहा-वीस-पन्नास गळे. मी नातीला म्हटलं, "ऐक, ही माऊली म्हणतायत." तिला वारी माहीत नाही, पण तिनंही ऐकलं आणि हसायला लागली. एकदा कानात बसलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. आपल्याकडे तळ्यावरच्या काळ्या, पांढऱ्या कपाळाच्या पक्ष्याला वारकरी म्हणतात. तो काही माऊली म्हणत नाही. इथं वारकरी दिसला नाही, गजर मात्र चालू होता.

ही लाँग-टेल्ड डक. नराला काळ्या शेपटीची दोन लांब पिसं, पाण्यावर तलवारीसारखी उचललेली. हिवाळ्यात डोकं पांढरं, गालावर तपकिरी डाग, चोचीवर गुलाबी पट्टा. तिची घरटी असतात उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. बुडी मारण्यात बदकांमध्ये तिचा हात कुणी धरणार नाही, साठ मीटरपर्यंत खाली गेल्याच्या नोंदी आहेत, आणि पाण्याखाली ती पंखांनीही वल्हवते. मी एकीची बुडी मोजली. चाळीस सेकंदांनी ती भलतीकडेच वर आली आणि आल्याआल्या पुन्हा माऊली.

तेव्हा माझ्या कोड्याचं उत्तर समोर तरंगत होतं. तिच्या गावी आत्ता सूर्यही नीट उगवत नाही आणि पाणी म्हणून जे काही आहे ते दगड झालंय. उणे १४ अंशांतलं टोरांटो हे तिचं भिगवण. ती इथं उबेला आलीय.

बाकीची मंडळीही तशीच. बफलहेड, मुठीएवढं काळंपांढरं बदक, डोक्याला मागून पांढरा रुमाल गुंडाळल्यासारखं. ते उत्तरेकडच्या जंगलात सुतार पक्ष्यांनी सोडलेल्या ढोलीत घरटं करतं. गोल्डनआय, पिवळ्याधमक डोळ्यांचं, उडताना पंखांची शिट्टी वाजते. त्याचे नर मादीपुढे मान मागे टाकून डोकं थेट पाठीला टेकवत होते. भर थंडीत लग्नसराई. आणि कोपऱ्यात, मळकट राखाडी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, गॅडवॉल. ते दिसल्यावर मी ओरडलेच. हे आमचं! दर हिवाळ्यात नावेतून बघते ते. तीच जात उजनीत आणि तीच इथं. नातीला ती सगळ्यांत कंटाळवाणी वाटली. तिनं नाव लिहून घेतलं आणि पुढच्याकडे वळली. मी थोडा वेळ तिथंच थांबले.

थवा मोजायची रीत तिला शिकवली. आधी दहा नीट मोजायची, त्या दहांनी पाणी किती व्यापलंय ते डोळ्यांत भरायचं, मग तेवढे तुकडे मोजत जायचं. तिनं लाँग-टेल्ड १८० लिहिल्या. मला २०० वाटत होत्या. निम्म्या कायम पाण्याखाली असतात, भांडण कशावर करणार? तिचाच आकडा ठेवला. तेवढ्यात मोबाइल थंडीनं बंद पडला. ५० टक्के चार्ज होता, एकदम काळा. लेकीनं तो कोटाच्या आत छातीशी धरला तेव्हा पाच मिनिटांनी जिवंत झाला.

घरी परतताना नातीनं विचारलं, त्यांचे पाय कसे गोठत नाहीत? पायात गरम रक्त खाली नेणाऱ्या आणि गार रक्त वर आणणाऱ्या नळ्या अगदी चिकटून असतात, जाता जाताच उष्णता देवाणघेवाण होते. पाय गार राहतात, पोट गरम. "मग मला पण तसे हवेत," ती म्हणाली. तिची बोटं लाल झाली होती.

रविवार

टॉमी थॉम्पसन पार्क. नावाचा माणूस टोरांटोच्या उद्यानांचा पहिला आयुक्त. त्यानं बागांमध्ये पाट्या लावल्या होत्या, 'कृपया गवतावर चाला'. हे जावयांनी सांगितलं. ते पुण्याचे, त्यामुळे त्यांना त्यातली खुमारी जास्त कळते.

ही जागा मुळात जमीनच नव्हे. १९५०च्या दशकाच्या शेवटी शहरानं बांधकामाचा राडारोडा सरोवरात टाकायला सुरुवात केली. बंदर वाढवायचं होतं, जहाजं वाढतील अशी आशा होती. जहाजं काही वाढली नाहीत. राडारोडा मात्र पडत राहिला आणि पाच किलोमीटर लांबीची सोंड पाण्यात गेली. त्यावर वाऱ्यानं बी आणलं, झाडं उगवली, पक्षी आले. आता तिथं ३००हून जास्त जातींची नोंद आहे. कामाच्या दिवशी दिवसा अजून ट्रक येतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी जायचं. गाडी आत नाही, कुत्रं आत नाही. मला हा सगळा प्रकार फार आवडला. आपल्याकडे राडारोडा नदीपात्रात टाकतात, तेव्हा त्याचं असं काही होत नाही.

काठावर विटांचे तुकडे लाटांनी झिजून गोल झालेत, मधे गंजक्या सळ्या वर आलेल्या, सळ्यांवर बर्फ. पुढे एका फाट्यावर नुसत्या काळ्या वाळक्या झाडांचं बन, फांदी-फांदीवर घरटी, सगळी रिकामी. उन्हाळ्यात इथं पाणकावळ्यांची प्रचंड वसाहत असते आणि त्यांच्या विष्ठेनं झाडं मरतात. त्यांच्यात रातबगळेही घरटी करतात. तोच, आपल्या तळ्याकाठचा, संध्याकाळी 'वाक्' करून उडणारा रातबगळा. तो शहाणा आता दक्षिणेला गेलाय.

आम्ही आलो होतो हिमघुबडासाठी. स्नोई आउल, ध्रुवाकडून काही हिवाळ्यांत इथवर उतरतं आणि टुंड्रासारखी मोकळी जागा बघून बसतं. इथला अलिखित नियम असा, की ते नेमकं कुठं दिसलं हे चारचौघांत सांगायचं नाही, नाहीतर कॅमेरेवाल्यांचा गराडा पडतो आणि त्याची झोप जाते. त्यामुळे भेटणारा प्रत्येक जण नुसता हसून "गुड लक" म्हणत होता. ते हसू फार संतापजनक असतं.

साधारण दीड किलोमीटरवर मला ते दिसलं. काँक्रीटच्या ठोकळ्यावर, पांढरं, गोलसर, मान आत घेतलेलं. मी सगळ्यांना हातानं थांबवलं. कुजबुजत वर्णन केलं. जावई गुडघ्यावर बसले. वीस मिनिटं आम्ही वाऱ्यात उभे राहिलो, ते हललं नाही. दिवसा झोपतात, मी समजावलं. मग नातीनं दुर्बीण मागितली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "आजी, बादली आहे." उलटी पडलेली प्लास्टिकची पांढरी बादली, वर बर्फाची टोपी.

परत फिरताना मी पडले. दाते लावलेले बूट घालूनही पडले, आणि अशी बसले की थर्मासचं झाकण गडगडत पार खाली गेलं. लागलं काही नाही, कपड्यांचे एवढे थर होते. पण सासूला नेमकं कुठं धरून उचलायचं, हा प्रश्न जावयांच्या चेहऱ्यावर इतका स्पष्ट होता, की मला हसूच आवरेना आणि हसताना उठता येईना. शेवटी लेकीनं काखेत हात घालून ओढलं.

बर्फ पडायला लागला तेव्हा निघालो. जाता जाता बंदराच्या मोकळ्या पट्ट्यात स्कॉप बदकांचा मोठा थवा दिसला, सगळी वाऱ्याकडे तोंड करून. मोजली नाहीत. नातीनं यादीत 'बादली १' लिहिलं, लेकीनं खोडायला लावलं.

सोमवार

कंबर धरली होती. लेक म्हणाली, घरीच थांब. मी म्हटलं, हंस आहेत ना?

बर्लिंग्टन पश्चिमेला, सरोवराच्या अगदी टोकाला. तिथं लासाल पार्क. गाडीतून उतरल्यापासून पन्नास पावलांवर पाणी, माझ्या कंबरेला सोयीचं. आवाज आधीच येत होता. जुन्या अँबेसिडरचे भोंगे कुणीतरी बेसुरात वाजवावेत तसा. या हंसांचं नावच ट्रंपेटर, आपल्या भाषेत तुतारी हंस म्हणावं. हंस म्हटलं की मनात दमयंतीला निरोप सांगणारा, नाजूक, मधुर बोलणारा पक्षी असतो. त्या कल्पनेचा पहिल्या मिनिटात निकाल लागला. दहा-बारा किलोंचा पक्षी, चोच काळी, पाय काळे, बर्फावर थपथप चालतो आणि दुसऱ्याच्या अंगावर ओरडतो. तरीही बघत राहावं असा.

पाण्यात काही नारिंगी चोचीचे, मानेचा बाक काढून मिरवणारे हंसही होते. ते म्यूट स्वान, माणसांनी युरोपातून आणलेले. तुतारीवाले इथलेच. पण मधे शंभर वर्षं ते ओंटारिओत नव्हतेच. पिसांसाठी आणि मांसासाठी मारून मारून १८८६पर्यंत संपवले. १९८२मध्ये हॅरी लम्सडेन नावाच्या निवृत्तीला आलेल्या जीवशास्त्रज्ञानं पश्चिमेकडून अंडी आणून ते पुन्हा वाढवायला सुरुवात केली. पहिली बरीच वर्षं फार यश नव्हतं. मग कुठं हळूहळू जमलं. त्यांच्या पंखांवर ओळखीसाठी पिवळे बिल्ले लावत, लांबून वाचता येतील असे मोठे आकडे. आज तीन बिल्लेवाले दिसले, बाकी सगळे बिनबिल्ल्याचे. लेकीनं विचारलं, मग यांचं कसं कळणार? मी म्हटलं, यांची नोंद ठेवायची गरज उरली नाही, याहून चांगली बातमी काय हवी?

एक हंस बर्फाच्या कडेवर झोपला होता. मान वळवून पंखाखाली, पाय पोटात. पाठीवर रात्रीचा बर्फ तसाच साचलेला, चार बोटं, न वितळलेला. नातीला वाटलं मेला. मी म्हटलं, बर्फ वितळत नाही म्हणजे आतली ऊब बाहेर जात नाही, पिसांची गोधडी पक्की आहे. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. अर्ध्या तासानं त्यानं एक डोळा उघडला, आम्हाला बघितलं, मिटला. नातीच्या लेखी चार दिवसांतला हा सर्वोत्तम क्षण. माऊलीवाल्या बदकांना तिनं दुसरा नंबर दिला.

चार दिवसांच्या ३१ जाती झाल्या. भिगवणच्या एका सकाळीत याहून जास्त होतात, हे मी बोलले नाही.

रात्री कुंभारगावच्या माझ्या नेहमीच्या नावाड्याला कर्नल सॅमचा व्हिडिओ पाठवला. त्यांच्याकडे सकाळ झाली होती. लगेच उत्तर आलं, "बाई, पाणी कुठाय?" मी लिहिलं, बर्फाच्या पलीकडे बघा, काळं दिसतंय ते. थोड्या वेळानं आवाजी निरोप आला. मागे इंजिन बंद केलेल्या होडीला लाटा लागल्याचा आवाज आणि चक्रवाकांचा कलकल. "दिसलं, दिसलं. बदकं ओरडतायत काय मस्त. पण बाई, होडी कुठनं घालायची हो यांच्यात? आणि तुम्ही या लवकर, आपले पट्टकादंब निघायच्या तयारीत आहेत."

तिकीट तेवीस तारखेचं आहे. त्याला तसं कळवलं.